कोणत्या वयाचं शरीर मोजायचं?

चेन्नईच्या विमानतळावर उतरून शहराकडे निघालं, की थोड्याच वेळात एक टेकडी दिसते. तमिळ माणसं तिला परंगीमलै म्हणतात, म्हणजे फिरंग्यांची टेकडी. माथ्यावर पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च आहे आणि पायथ्याच्या छावणीत भारतीय लष्कराची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी. 1962 च्या चीन युद्धाने अधिकाऱ्यांचा तुटवडा उघडा पाडला, तेव्हा 1963 साली घाईने दोन प्रशिक्षण शाळा काढल्या गेल्या, एक पुण्यात आणि एक मद्रासला. पुण्याची पुढे बंद झाली. मद्रासची टिकली, 1988 साली तिची अकादमी झाली, आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी लष्करात येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिने घडवल्या.

इथल्या संचलनाच्या मैदानाला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं नाव आहे. मुंबईत जन्मलेले परमेश्वरन 1972 साली इथूनच अधिकारी होऊन महार रेजिमेंटमध्ये गेले. 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत शांतिसेनेच्या मोहिमेवर असताना त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. अकादमीतून बाहेर पडणारा प्रत्येक कॅडेट याच मैदानावर ‘अंतिम पग’ ओलांडतो आणि अधिकारी होतो.

9 सप्टेंबर 2017 रोजी तो पग ओलांडणाऱ्यांत साताऱ्याच्या स्वाती महाडिक होत्या. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना ते शहीद झाले. दोन मुलांच्या आईने त्यानंतर लष्करात जायचं ठरवलं. वय आडवं येत होतं. ती अट खास बाब म्हणून शिथिल झाली. शारीरिक चाचण्या मात्र शिथिल झाल्या नाहीत, आणि बरोबरच्या मुली विशी-बाविशीतल्या होत्या. पुढे विरारच्या गौरी महाडिक याच वाटेने आल्या. त्यांचे पती मेजर प्रसाद महाडिक 2017 च्या डिसेंबरमध्ये अरुणाचलच्या सीमेवर मरण पावले होते. मार्च 2020 मध्ये गौरी याच मैदानावरून अधिकारी झाल्या.

अकादमीचा अभ्यासक्रम 49 आठवड्यांचा असतो. चेन्नईत पहाटेसुद्धा हवेला ओल असते. समुद्र जवळ, वारा पडलेला. घाम येतो, पण वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत सहज जमणारं अंतर इथे छातीवर येतं. पीटीचे उस्ताद शिट्टी मारतात, चुकलेल्यांचा रगडा होतो, आणि घड्याळातले सेकंद कॅडेटच्या नावापुढे लिहिले जातात. तिथून पुढे लष्करातल्या माणसाच्या नावापुढून ते सेकंद कधी पुसले जात नाहीत.

ते कसे मोजतात, ते जवळून पाहू. लष्करात दोन चाचण्या वर्षानुवर्षं चालत आल्या: बीपीईटी आणि पीपीटी. पीपीटी म्हणजे मोकळ्या अंगाची ताकद: 2.4 किलोमीटर धावणं, 100 मीटरची वेगवान धाव, पाच मीटरची ये-जा, जोर, सिट-अप्स, आणि दांड्याला लोंबकळून हनुवटी वर नेणं. बीपीईटी ही लढाईची चाचणी. पायात बूट, पाठीवर पॅक, कमरेला पट्टा, हातात रायफल, आणि पाच किलोमीटर. तिशीच्या आतल्या जवानाला ‘एक्सलंट’ हवं असेल, तर साधारण 25 मिनिटांत यावं लागतं. 28 च्या पुढे गेला, तर तो नापास. त्याच बोज्यानिशी 60 मीटर धाव, उभ्या दोरावर चढणं, आडव्या दोराला उलटं लटकून पुढे सरकणं आणि नऊ फुटी खड्डा एका उडीत पार करणं.

दोर अनेकांचा घात करतो. धावण्यात दम लागतो, पण धाव सराव करून सुधारते. दोरावर मात्र स्वतःचं वजन हाताच्या पंजावर पेलायचं असतं. सुट्टीवर गावी गेलेला माणूस दोन-तीन किलो वाढवून आला, तर धावेत त्याचे काही सेकंद जातात. दोरावर मात्र तो अर्ध्यावरच अडकतो. पायाने दोराला आढी घालता आली, तर हातांचा भार निम्मा होतो. ती आढी कॅडेटच्या वयातच पायात बसावी लागते. चाळिशीत शिकायला घेतली, तर गुडघा साथ देत नाही.

बीपीईटीतली एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. तिच्या तक्त्यात वयाचे रकाने आहेत. तिशीच्या आतल्यांना एक वेळ, तिशी ते चाळिशीला थोडी जास्त, चाळिशीपुढे आणखी सवलत. फुप्फुसं आणि स्नायू वयाबरोबर उतरतात, हे लष्कराने या तक्त्यात मान्य केलेलं आहे.

या चाचण्यांचे निकाल वार्षिक गोपनीय अहवालात जातात, आणि पदोन्नतीचं बरंचसं वजन त्या अहवालावर असतं. जवानाला लान्स नायकाचा नायक आणि नायकाचा हवालदार व्हायचं, तर प्रमोशन कॅडर करावा लागतो आणि चाचण्या पास असाव्या लागतात. लष्करात ‘शाळा’ शब्दाला वेगळंच वजन आहे. बेळगावला कमांडोंचं प्रशिक्षण होतं, मिझोराममध्ये वैरेंगटे इथे जंगलयुद्धाची शाळा आहे, गुलमर्गला बर्फातल्या लढाईची, आणि पुण्यात आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंग आहे, जिथून पलटणींना पीटीचे उस्ताद मिळतात. युनिटमधून अशा कोर्सला कोणाला पाठवायचं, हे ठरवताना पहिली नजर बीपीईटीच्या निकालावर जाते. कोर्स चांगला झाला, की इन्स्ट्रक्टर ग्रेडिंग मिळतं, आणि ते पुढच्या निवड मंडळापर्यंत पोहोचतं. पाच किलोमीटरमधलं अर्धं मिनिट अशा रीतीने दहा वर्षांनी खांद्यावरच्या फितीत दिसू शकतं.

चाचण्यांखेरीज दुसरी एक मोजणी आहे, वैद्यकीय. तिला ‘शेप’ म्हणतात. मानसिक आरोग्य, कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि डोळे, या पाच गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव आलं. प्रत्येक अक्षरापुढे एक ते पाचपैकी आकडा येतो. पाचही अक्षरांना एक मिळाला, तर माणूस ‘शेप वन’, म्हणजे कुठल्याही भूभागावर कुठल्याही कामाला योग्य. एखादा आकडा घसरला, की तो ‘एलएमसी’, म्हणजे लो मेडिकल कॅटेगरीत. युनिटच्या गप्पांत हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जातो. बीपीईटीच्या तक्त्यातला वयाचा रकाना शेपच्या आकड्यापुढे दिसत नाही. तिशीतला ‘एक’ आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचा ‘एक’ कागदावर सारखेच लिहिले जातात.

स्त्रियांना लष्कराच्या बिगर-वैद्यकीय शाखांत अधिकारी म्हणून घेण्याचा निर्णय 1992 साली झाला. तेव्हा लष्करप्रमुख होते जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज, गोमंतकीय घराण्यातले आणि मुंबईत वाढलेले. पहिली तुकडी त्याच वर्षी परंगीमलैच्या पायथ्याशी दाखल झाली आणि मार्च 1993 मध्ये 25 जणी अधिकारी झाल्या. त्यांना सुरुवातीला पाच वर्षांची नोकरी मिळाली. मग ती दहा वर्षांची झाली, पुढे चौदा. कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची सेवा, बहुतेक शाखांतल्या स्त्रियांना खुली नव्हती. पुरुषांना ती होती. शॉर्ट सर्व्हिसने आलेल्या पुरुष अधिकाऱ्याला पाचव्या किंवा दहाव्या वर्षी ‘नंबर पाच’ निवड मंडळासमोर जाता येई. तो बहुधा तिशीच्या आसपास असे. त्याची वैद्यकीय श्रेणी त्या वेळी तपासली जाई. तो शेप वन असला, तर कायम होऊ शके. नंतर पाठ गेली, गुडघा गेला, रक्तदाब वाढला, तरी त्याची कायम सेवा हिरावली जात नसे.

ही कोंडी फोडायला वर्षं लागली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 साली स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि दहा वर्षांनी, 17 फेब्रुवारी 2020 रोजी, बबिता पुनिया प्रकरणात अंतिम निकाल लागला. सुनावणीत केंद्राने स्त्रियांच्या शरीराच्या मर्यादा, मातृत्व आणि ग्रामीण भागातून आलेल्या जवानांची मानसिकता यांचा आधार घेतला होता. न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला आणि निकालपत्रात स्त्री अधिकाऱ्यांच्या कामगिरीची यादीच दिली. तिच्यात सोफिया कुरेशी यांचं नाव होतं. त्या 1999 साली चेन्नईच्या याच अकादमीतून सिग्नल्स कोअरमध्ये गेल्या. मार्च 2016 मध्ये पुण्याच्या औंध लष्करी तळावर आसियान-अधिक देशांच्या सैन्यांचा मोठा सराव झाला, तेव्हा भारतीय तुकडीचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं, आणि जमलेल्या देशांच्या तुकड्यांत त्या एकट्या स्त्री प्रमुख होत्या. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी त्यांचा चेहरा साऱ्या देशाला परिचित झाला.

निकालानंतर लष्कराने सप्टेंबर 2020 मध्ये विशेष निवड मंडळ बसवलं. 615 स्त्री अधिकाऱ्यांचा विचार झाला आणि 277 जणींना कायम कमिशन मिळालं. बाकीच्या का राहिल्या, याचा शोध घेतला, की मोजमापाचा खरा प्रश्न समोर येतो.

अटींत एक अट होती शेप वनची. ऐकायला रास्त वाटते. अधिकारी तंदुरुस्त हवाच, आणि पुरुषांनाही हीच अट होती. पण या मंडळासमोर गेलेल्या कित्येक स्त्रियांची सेवा पंधरा-वीस वर्षांवर गेलेली होती, वय चाळीस ते पन्नास. त्यांच्याबरोबर अकादमीतून निघालेल्या पुरुषांची ही तपासणी पंचविशी-तिशीत होऊन गेली होती. स्त्रियांची तेव्हा झाली नाही, कारण त्यांना ती संधीच नव्हती. आता ती संधी न्यायालयाने मिळवून दिली, तर मोजपट्टी आजच्या शरीराला लागली. त्यांच्यातल्या कोणी ईशान्येत, कोणी काश्मीरमध्ये वर्षं काढली होती. त्या वर्षांत पाठ, गुडघे, थायरॉइड यांनी आपापला हिस्सा घेतलेला होता. सेवेच्या पाचव्या-दहाव्या वर्षी त्यांना कोणी विचारलं असतं, तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणी शेप वन होत्या.

नितिशा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात लेफ्टनंट कर्नल नितिशा आणि त्यांच्या सहकारी अधिकाऱ्यांनी हाच मुद्दा मांडला. 25 मार्च 2021 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एम. आर. शाह यांनी निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं होतं. शेप वनची अट चूक आहे, असं न्यायालय म्हणालं नाही, आणि म्हणून मला हा निकाल मोलाचा वाटतो. तंदुरुस्ती कशी मोजायची, ते ठरवणं लष्कराचं काम आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. चूक होती ती वेळेत. जो नियम सर्वांना सारखा दिसतो, पण ज्याचा फटका इतिहासामुळे एकाच गटाला बसतो, तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. अमेरिकेत 1971 च्या ग्रिग्ज खटल्यापासून ही कल्पना रुजली होती, आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ती पुढे नेली होती. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची इतकी सविस्तर चर्चा प्रथम याच निकालात केली.

आदेश असा होता: स्त्री अधिकाऱ्यांची वैद्यकीय कसोटी त्यांच्या सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी असलेल्या स्थितीवर लावा. म्हणजे जुन्या फायली उघडा आणि पाहा, तेव्हा ही बाई शेप वन होती का. मूल्यांकनात 60 टक्के मिळवलेल्या, शिस्त आणि दक्षता यांच्या बाबतीत निर्मळ असलेल्या स्त्रियांना कायम कमिशन द्या. त्यांचे गोपनीय अहवालही वर्षानुवर्षं थातूरमातूर लिहिले गेले होते, कारण पुढे कायम होणार नसलेल्या अधिकाऱ्याचा अहवाल काळजीने लिहिण्याची गरज वरिष्ठांना वाटली नव्हती. तोही मुद्दा न्यायालयाने नोंदवला.

पुढेही वाद संपले नाहीत. ऑक्टोबर 2021 मध्ये 72 जणींचं प्रकरण अवमान याचिकेच्या वळणावर गेलं. त्यांच्यातल्या 71 जणींबद्दल केंद्राने सांगितलं, की 39 जणींना कायम कमिशन देता येईल, 25 जणींवर शिस्तीचे आक्षेप आहेत आणि सात जणी वैद्यकीयदृष्ट्या अपात्र आहेत. 39 जणींना आठवडाभरात कायम कमिशन देण्याचा आदेश झाला. सात जणी उरल्या. मागच्या वर्षांच्या स्थितीवर मोजूनही त्या बसल्या नाहीत, आणि लष्करात वैद्यकीय कसोटी असायलाच हवी, त्यामुळे अशा काही जणी राहणारच. त्याआधी, ऑगस्ट 2021 मध्ये, मात्र आणखी एक दार उघडलं होतं. सिग्नल्स, ईएमई (यंत्रदुरुस्ती शाखा) आणि इंजिनिअर्सच्या पाच स्त्री अधिकारी 26 वर्षांच्या सेवेनंतर कर्नल झाल्या. या शाखांत स्त्री प्रथमच त्या हुद्द्यावर पोहोचली. 2023 च्या जानेवारीत कर्नलच्या 108 पदांसाठी स्त्रियांचं विशेष मंडळ बसलं.

जवानांच्या बाजूचं चित्र वेगळं आहे, आणि त्यावर कोणी खटला लढत नाही. 2024 च्या सुरुवातीला लष्कराने चाचण्यांच्या धोरणात बदल केला. तोपर्यंत युनिटचा कमांडिंग ऑफिसर चाचणी घेत असे. आपल्याच माणसांना आपणच नापास करायचं, ही अवघड गोष्ट असते. नव्या धोरणात ब्रिगेडियरच्या अध्यक्षतेखाली दोन कर्नल आणि एक वैद्यकीय अधिकारी यांचं मंडळ आलं. तिमाही बीपीईटी-पीपीटीत भर पडली ती सहामाही दहा किलोमीटरच्या स्पीड मार्चची आणि 32 किलोमीटरच्या रूट मार्चची, शिवाय 50 मीटर पोहण्याची. प्रत्येकाच्या नावाचं मूल्यांकन कार्ड ठेवायचं ठरलं. वजन जास्त भरलेल्या माणसाला लेखी समज आणि तीस दिवस. तरी सुधारला नाही, तर रजा आणि बाहेरचे कोर्स कमी. मला या धोरणातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोर्स थांबला, की पदोन्नतीची शिडी एक पायरी लांब जाते.

पोहण्याची अट कागदावर लहान दिसते. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या पोराने विहिरीत सूर मारायचा, तर विहिरीत पाणी हवं. मार्चमध्ये तळ दिसणाऱ्या विहिरींच्या गावांतून पोरं लष्करात जातात, आणि सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारखी गावं जवान पिढ्यान्‌पिढ्या देतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले. माण-खटावचा मुलगा 32 किलोमीटर हसत चालेल आणि 50 मीटर पाण्यात घाबरेल. मालवणच्या पोराचं उलट. अट वाईट नाही. पूर, नदी आणि किनाऱ्यावर लढणाऱ्या सैन्याला पोहता यायलाच हवं. प्रश्न एवढाच, की युनिटमध्ये तलाव आहे का, उस्ताद आहे का आणि सरावाचे महिने मिळाले का. सियाचीनहून उतरलेल्या तुकडीला पहिल्याच तिमाहीत पोहायला उतरवलं, तर त्यातून तंदुरुस्ती कळणार नाही. गेलं वर्ष माणूस कुठे होता, तेवढंच कळेल.

भरतीच्या चाचण्यांतही असे बदल झाले. अग्निवीर होण्यासाठी आधी मैदान आणि मग लेखी परीक्षा असा क्रम होता. 2023 पासून तो उलटला, लेखी आधी झाली. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत पूर्ण केलं, तर 60 गुण, नंतरच्या टप्प्यांत कमी कमी होत जाणारे. बीमवर दहा पुलअप्स काढले, तर 40. कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर पहाटे ‘सोळाशे’ मारणाऱ्या पोरांना हे पाठ असतं. चार वर्षांनी प्रत्येक तुकडीतले 25 टक्के ठेवायचे, बाकीच्यांनी घरी जायचं. ते 25 टक्के निवडताना चार वर्षांतल्या चाचण्यांचा हिशेब होणार. पूर्वी जवानाच्या एखाद्या वाईट तिमाहीचा परिणाम हळूहळू उतरत असे. आता त्याला चारच वर्षं मिळतात.

याच प्रश्नाशी अमेरिकेचं सैन्यही झगडलं. तिथे 1980 पासून चालत आलेली तीन प्रकारांची चाचणी बदलून सहा प्रकारांची नवी आणली. सुरुवातीला वय आणि लिंग न पाहता एकच मापदंड ठेवला, तेव्हा स्त्रिया मोठ्या प्रमाणावर नापास होऊ लागल्या. तिथे धाकट्या सार्जंटपदांच्या पदोन्नतीत या चाचणीच्या गुणांना थेट वजन आहे, त्यामुळे चाचणी बदलली, की पदोन्नतीची रांगही बदलते. 2022 मध्ये वय आणि लिंगानुसार गुणांचे तक्ते परत आणले गेले. 2025 मध्ये चाचणी पाच प्रकारांची झाली, आणि प्रत्यक्ष लढाईच्या ठरावीक नेमणुकांपुरता स्त्री-पुरुषांना एकच मापदंड लागू झाला. कामाप्रमाणे मापदंड, ही त्यातली कल्पना मला पटते. तोफगोळा उचलणाऱ्याला गोळ्याचं वजन बदलून मिळत नाही.

भारतीय लष्करासमोरचा पुढचा हिशेब परंगीमलैच्या मैदानावरच सुरू झालेला आहे. शॉर्ट सर्व्हिसला बिनलग्नाची मुलं-मुली साधारण पंचविशीच्या आत येतात. त्यांचं दहावं वर्ष पस्तिशीच्या आसपास येतं. शहीदांच्या पत्नींना वयाची सवलत आहे, त्या पस्तिशीपर्यंत येऊ शकतात. स्वाती महाडिक तर तीही मर्यादा ओलांडून आल्या. नितिशा निकालाने ‘सेवेचं दहावं वर्ष’ हा टप्पा पक्का केला, आणि बहुतेकींसाठी तो न्याय्य आहे. पण पस्तिशीनंतर गणवेश चढवलेल्या बाईचं दहावं वर्ष पंचेचाळिशीच्या पुढे येतं. धावण्याच्या मैदानावर तिच्यासाठी वयाचा वेगळा रकाना आहे. मंडळासमोरच्या वैद्यकीय फाइलीत तो रकाना दिसत नाही. 2017 च्या सप्टेंबरमध्ये अंतिम पग ओलांडलेल्या तुकडीचं दहावं वर्ष 2027 मध्ये पुरं होतं.